दहा मिनिटांचं गाणं लांब वाटतं कुणाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडच्या 'सेन्जुत्सू' या २०२१ च्या अल्बमबद्दल तुमच्या रविवारच्या पुरवणीत एक छोटीशी चौकट आली होती, सोबत सामुराईच्या चिलखतातल्या त्या एडीचा, म्हणजे बँडच्या मुखपृष्ठांवरच्या त्या भुताचा, मोठ्ठा फोटो, म्हणजे मजकुरापेक्षा फोटोच तिप्पट, आणि मजकुरात काय तर म्हणे बँडमधले सगळेच साठीच्या पुढचे, गाणी दहा-दहा बारा-बारा मिनिटांची, आजकाल एवढं कोण ऐकतं, या मंडळींनी आता आवरतं घ्यायला हवं. लिहिणाऱ्याने अल्बम पूर्ण ऐकला असेल असं मला तरी वाटलं नाही, कारण चौकटीत ज्या दोनच गाण्यांची नावं होती ती दोन्ही आधीच यूट्यूबवर आलेली होती. आता मराठी पेपरात मेडनचं नाव आलं याचंच खरं तर मला कौतुक वाटायला हवं, वाटलंही, पण दुसऱ्यांदा वाचल्यावर राग आला म्हणून हे पत्र.

आधी जरा माहिती देते, चौकटीत नव्हती म्हणून. अल्बम आला ३ सप्टेंबर २०२१ ला, बँडचा सतरावा, दोन सीडी, दहा गाणी, एकूण ८२ मिनिटांना काही सेकंद कमी. रेकॉर्डिंग २०१९ मध्येच झालेलं, पॅरिसच्या वेशीवरच्या गियोम टेल स्टुडिओत, हा स्टुडिओ म्हणजे मुळात जुनं सिनेमा थिएटर, २००० सालचा आणि २०१५ चा अल्बमही यांनी तिथेच केला होता. मग कोविड आला, दौरे रद्द झाले आणि तयार अल्बम दोन वर्षं नुसता कपाटात पडून राहिला, त्यातला एक सूरही कुठे फुटला नाही, आजच्या जमान्यात हे कसं जमवलं देव जाणे. आणि कोण ऐकतं या प्रश्नाचं उत्तर म्हणाल तर ब्रिटनच्या चार्टवर पहिल्याच आठवड्यात दुसरा नंबर, अमेरिकेत तिसरा, आणि अमेरिकेत एवढ्या वर ही मंडळी ४० वर्षांत कधी गेली नव्हती. दोन्हीकडे पहिल्या नंबरवर कोण तर रॅपर ड्रेक, त्याचा अल्बम नेमका त्याच दिवशी आला. पहिल्या आठवड्याचे आकडे म्हणजे माझ्यासारख्या जुन्या भक्तांनी डोळे मिटून केलेली सीडी-व्हिनिलची खरेदी असते हे मला माहितीय, त्यावरून अल्बम चांगला ठरत नाही, पण कोणी ऐकत नाही असंही ठरत नाही ना.

आता लांबीचं. गाणी लांब झाली कारण हे म्हातारे झाले, असा जो सूर आहे तोच मुळात चुकीचा आहे. १९८० च्या पहिल्याच अल्बमवर यांचं 'फँटम ऑफ द ऑपेरा' आहे, सात मिनिटांचं, तेव्हा बँडचा संस्थापक, बेस वाजवणारा स्टीव्ह हॅरिस चोवीस वर्षांचा होता. १९८४ ला त्यांनी इंग्रज कवी कोलरिजची अख्खी कविता घेऊन 'राइम ऑफ द एन्शन्ट मरिनर' केलं ते पावणेचौदा मिनिटांचं. २०१५ च्या 'द बुक ऑफ सोल्स'वर गायक ब्रूस डिकिन्सनने पियानोवर बसून आर१०१ नावाच्या ब्रिटिश एअरशिपची, म्हणजे वायूने भरलेल्या हवाई जहाजाची गोष्ट सांगितली ती तर १८ मिनिटांची, आणि जाता जाता सांगते, हे अवाढव्य जहाज ऑक्टोबर १९३० मध्ये इंग्लंडहून निघालं होतं आपल्या तेव्हाच्या हिंदुस्थानातल्या कराचीला यायला, आणि पहिल्याच रात्री फ्रान्समध्ये कोसळलं, ४८ माणसं गेली. म्हणजे लांब गाणं ही यांची पहिल्यापासूनची खोड आहे. २००० नंतर ती वाढलीय हे मान्य, सगळ्याच अल्बमवर लांब गाण्यांची संख्या वाढत गेली हेही मान्य. पण आवरतं घ्या म्हणणाऱ्यांनी एवढं तरी बघायचं की मागचा अल्बम ९२ मिनिटांचा होता आणि हा ८२ चा, म्हणजे दहा मिनिटं आवरलीयतच की हो.

मला विचाराल तर हॅरिसची गाणी लांब असतात कारण तो गोष्ट सांगतो. लढाई, राजे, बुडालेली जहाजं, हरलेली माणसं, आणि गोष्ट सांगायला वेळ लागतो. आपल्याकडे शाहीर अफझलखानाच्या वधाचा पोवाडा तीन मिनिटांत उरकतो का? आधी नमन, मग खान विजापुरातून निघतो, मग वाटेतल्या करामती, मग प्रतापगड, आणि दर चौकानंतर झीलकरी ती ओळ उचलतात, जी जी रं करत ती घोळवतात, त्याशिवाय पुढचा चौक चढत नाही. मेडनमध्ये झीलकऱ्यांचं हे काम गिटार करतात. ब्रूसने एक ओळ गायली की तीच चाल गिटार घेतं, कधी त्याच्या सोबत वाजतं, कधी त्याच्या मागून, आणि इंग्रजी समीक्षक यालाच नावं ठेवतात की तेच तेच परत काय वाजवता. आम्हाला ते तेच तेच वाटत नाही, कारण आमच्या कानाला धृपद परत यायची सवय आहे, उलट ते परत आलं नाही तर चुकल्यासारखं होतं.

मेटल म्हणजे नुसता गोंगाट असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी (माझी सासूबाई त्यात पहिल्या, पण त्यांना या अल्बममधल्या 'डार्केस्ट अवर'चा सोलो, म्हणजे एकट्या गिटारचा तुकडा, आवडला, कोणाचंय म्हणून विचारलं) दोन गोष्टी सांगते म्हणजे ऐकताना काय पकडायचं ते कळेल. एक म्हणजे दोन गिटार एकच चाल वाजवतात पण थोडं अंतर ठेवून, म्हणजे एक जण सा वरून निघाला की दुसरा ग वरून निघणार आणि मग दोघं तेवढंच अंतर राखत वरखाली जाणार, त्यातून जो गोडवा येतो तो या बँडची सही आहे. ही युक्ती यांनी शोधलेली नाही, विशबोन ॲश आणि थिन लिझी हे दोन बँड यांच्या आधीपासून ती करत होते आणि हॅरिस स्वतः त्यांचा चाहता, पण तिला मेटलच्या वेगात बसवलं यांनी, डेव्ह मरे आणि एड्रियन स्मिथ या जोडीने. यानिक गर्स १९९० ला स्मिथच्या जागी आला, १९९९ मध्ये स्मिथ परत आला आणि तेव्हापासून गिटारवाले तीन आहेत. दुसरी गोष्ट हॅरिसचा बेस. तो पिक, म्हणजे तारा छेडायची चकती, वापरत नाही, बोटांनी वाजवतो, आणि त्याची ती घोडदौड, एक लांब ठोका आणि दोन आखूड, तबल्याच्या भाषेत सांगायचं तर धा तिट धा तिट धा तिट, ती सुरू झाली की पाय आपोआप हलतो, न हलवून दाखवा.

आणि आजकाल एवढं कोण ऐकतं याचं एक उत्तर मी स्वतः डोळ्यांनी बघितलंय. १ फेब्रुवारी २००८, बांद्रा-कुर्ला कॉम्प्लेक्सचं मैदान. मेडनच्या त्या जगभरच्या दौऱ्याची सुरुवातच मुंबईतून झाली होती, ते बोइंग ७५७ घेऊन आले होते, एड फोर्स वन, आणि विमान चालवत होता गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः, कारण तो खराखुरा पायलट आहे. इथून निघाले ते ४५ दिवसांत टोरोंटोपर्यंत गेले. तर त्या रात्री त्यांनी ते मरिनरवालं गाणं पूर्ण वाजवलं. त्याच्या मधोमध एक जागा आहे, सगळं थांबतं, फक्त जहाजाच्या लाकडाची कुरकुर आणि बेसची मोजकी टकटक, आणि एक आवाज कवितेच्या ओळी वाचतो, चांगली दोन-तीन मिनिटं. हजारोंची गर्दी, घामाने चिकचिकलेली, पुण्याहून नाशकाहून शिलाँगहून आलेली पोरं, कोणी हूं की चूं केलं नाही. मग गिटार परत आलं आणि सगळं मैदान एकदम उसळलं. नंतर 'फिअर ऑफ द डार्क'ला तर गिटारची धून लोकच गात होते, शब्द नाहीत, नुसतं ओ ओ ओ, आणि माझ्या मागचा एक गृहस्थ, वय असेल पन्नाशीचं, ऑफिसची बॅग छातीशी धरून, डोळे मिटून बरोब्बर सुरात गात होता. मुंबईत रंगभवनला इंडिपेन्डन्स रॉक हा रॉक महोत्सव व्हायचा तेव्हा याच गाण्यांच्या कॉप्या ऐकत आम्ही मोठे झालो, ओरिजिनल माणसं मुंबईत समोर उभी राहायला २००८ उजाडावं लागलं. तर लांब गाणी ऐकायची क्षमता नाही वगैरे मुंबईच्या माणसाला तरी सांगू नका.

बरं आता अल्बमकडे येते, नाहीतर मीच विषय सोडून गेले असं म्हणाल.

पहिलं गाणं 'सेन्जुत्सू', आठ मिनिटं वीस सेकंद, आणि इथे घोडदौड नाहीच. ड्रमवाला निको मॅकब्रेन अल्बम आला तेव्हा ६९ वर्षांचा होता, आणि तो टॉम नावाच्या ड्रमवर जे दणके देतो ते ऐकून गणपतीतल्या ढोलपथकाच्या मुलांनी मान खाली घालावी (त्या वर्षी तसे ढोल ऐकायलाच मिळाले नाहीत म्हणून मला ते जास्तच जाणवलं असेल). तटबंदीवर उभं राहून शत्रू येताना बघणाऱ्या सैनिकांचं गाणं आहे, संथ, जड, अंगावर येणारं. अल्बमची सुरुवात वेगवान गाण्याने करायची असा अलिखित नियम मोडलाय आणि मला तो मोडलेला आवडला. दुसरं 'स्ट्रॅटेगो' पाच मिनिटांचं, घोडदौड आली, ठीक, चांगलंय, पण असं गाणं हे लोक झोपेतही करतात. 'द रायटिंग ऑन द वॉल' तुमच्या चौकटीत होतं, जुलैमध्ये आलं, सुरुवात अकूस्टिक गिटारने, काउबॉय सिनेमात असते तशी धूळभरली चाल, आणि व्हिडिओ ॲनिमेशनचा, ज्यात पिक्सारमध्ये काम केलेल्या दोघांचा हात आहे. बायबलमधल्या बेलशज्जर राजाच्या मेजवानीची गोष्ट आहे ना, भिंतीवर हात येऊन लिहून जातो, ती. व्हिडिओत ती मेजवानी आजच्या गडगंज लोकांची केलीय. स्मिथचा सोलो यात इतका बोलका आहे की मी तो गुणगुणते, भांडी घासताना.

पहिल्या सीडीवरचं बाकीचं पटकन सांगते. 'लॉस्ट इन अ लॉस्ट वर्ल्ड' साडेनऊ मिनिटं, आणि हे मात्र मलाही लांबलंय असं वाटलं, मधला भाग चार वेळा येतो तो दोनदा आला असता तरी चाललं असतं, म्हणजे बघा, मी आंधळी भक्त नाहीये. 'डेज ऑफ फ्यूचर पास्ट' सगळ्यात छोटं, चार मिनिटं, ज्यांना मेडन माहीतच नाही त्यांनी इथून सुरू करायला हरकत नाही. 'द टाइम मशीन' मला अजून सापडलेलं नाही, ऐकत्येय.

खरा अल्बम दुसऱ्या सीडीत आहे आणि चौकट लिहिणारा तिथपर्यंत पोचलाच नाही याचंच मला वाईट वाटतंय. 'डार्केस्ट अवर' समुद्राच्या लाटा आणि पक्ष्यांच्या आवाजाने सुरू होतं, स्मिथ आणि डिकिन्सन यांनी लिहिलेलं, विषय चर्चिल आणि १९४० सालचा तो काळ जेव्हा इंग्लंड एकटं पडलं होतं. गाणं सुंदर आहे, त्यातला सोलो म्हणजे या अल्बममधला सगळ्यात गोड तुकडा, पण चर्चिलवर हळवं व्हायला मला जमत नाही हो, १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं मेली तेव्हा हाच गृहस्थ लंडनमध्ये पंतप्रधान होता आणि धान्याची जहाजं इकडे वळवा म्हणून मागणी होत असताना त्याच्या मंत्रिमंडळाने काय केलं ते सगळ्यांनी वाचलेलं आहे. इंग्रजांना त्याचा जो भाग दिसतो तो त्यांनी गायला, ठीक आहे, त्यांचा माणूस आहे. याच बँडने १९८२ ला 'रन टू द हिल्स'मध्ये गोरे लोक आले आणि आमचं सगळं लुटलं हे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या तोंडून गायलं होतं, तसं एखादं गाणं कधीतरी आपल्या बाजूनेही करा असं ब्रूसला सांगावंसं वाटतं. असो. गिटारपुढे माझा राग टिकत नाही ही माझी अडचण.

मग शेवटची तीन गाणी, तिन्ही एकट्या हॅरिसची, तिन्ही दहा मिनिटांच्या वर, मिळून ३४ मिनिटं. 'डेथ ऑफ द केल्ट्स' म्हणजे १९९८ च्या 'द क्लान्समन'चा धाकटा भाऊ, इतका सारखा की मध्येच तेच गाणं लागलंय की काय वाटतं, मधल्या लांब वाद्यसंगीतासाठी ऐका, नाहीतर जुनंच ऐका, ते जास्त जिवंत आहे.

'द पार्चमेंट' मात्र सांभाळून ऐकायचं गाणं आहे. साडेबारा मिनिटांच्या वर, अरबस्तान-इजिप्तकडच्या वळणाची सुरावट, जड पावलांनी चालणारी, आणि आपल्या कानाला त्यात कुठेतरी भैरवाची आठवण होत राहते, राग नाही अर्थातच, पण तो कोमल रिषभाचा रंग डोकावल्यासारखा वाटतो. पहिल्यांदा ऐकताना मलाही वाटलं की अरे हे हलतच नाहीये. चाल फार बदलत नाही, सोलोमागून सोलो येतात, तिघंही आपापल्या परीने तीच जागा घोळवतात, मरेचा सोलो पाण्यासारखा वाहतो, स्मिथ मोजूनमापून बोलतो, आणि गर्स आपला नेहमीसारखा अंगात आल्यासारखा सुटतो. हे असं दहा मिनिटं चाललं की आता संपेल असं वाटतं आणि नेमकी तिथे घोडदौड सुरू होते. ती शेवटची दोन मिनिटं सुटी काढून ऐकलीत तर तुम्हाला काहीच वाटणार नाही, बरं आहे म्हणाल. पण आधीची दहा मिनिटं तुम्ही त्या संथ चालीत बसलेले असाल तर तो वेग अंगावर काटा आणतो. तुमचा पुरवणीवाला म्हणेल की मग ती दहा मिनिटं कापा ना. कापली की काटा गेला. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे बघा, हे गाणं लांब 'असून' चांगलं आहे असं नाही, लांब आहे म्हणूनच त्या शेवटाला वजन आहे.

आणि शेवटचं 'हेल ऑन अर्थ'. सव्वाअकरा मिनिटं. याच्यावर मी वेगळं पत्र लिहू शकते. सुरुवातीला फक्त बेस आणि स्वच्छ, न गुरगुरणारी गिटार, एक साधी धून, दोन मिनिटं होऊन गेली तरी ब्रूसचा पत्ता नाही. मग ड्रम येतात, तीच धून आता पूर्ण आवाजात, मग दौड, मग गाणं. शब्द युद्धाचे आहेत, पोरांच्या हातात बंदुका देणाऱ्या जगाचे, या जन्मात काही सुधारणार नाही पण पुढे कुठेतरी भेटू अशा थकलेल्या आशेचे. दुसरं कोणी लिहिलं असतं तर रडकं झालं असतं. इथे होत नाही कारण चाल खाली बसतच नाही, दर वेळी परत येताना एक पायरी वर चढून येते, आणि मध्ये सगळं शांत होऊन ब्रूस जवळजवळ पुटपुटतो आणि तिथून जो उठतो, तेव्हा रेकॉर्डिंगच्या वेळी त्याने साठी गाठली होती हे लक्षात ठेवून ऐका. आणखी एक लक्षात ठेवा. २०१४ च्या शेवटी त्याला जिभेच्या मुळाशी कॅन्सर निघाला होता, रेडिएशन, केमो सगळं झालं, आणि मागच्या अल्बमचं रेकॉर्डिंग निदानाच्या आधीच उरकलेलं होतं. म्हणजे कॅन्सरनंतर त्याने गायलेला मेडनचा हा पहिला अल्बम. आवाज बदललाय, वरच्या पट्टीत ताण कळतो, काही ठिकाणी अगदी खरखर ऐकू येते, पण खालच्या पट्टीत तो आता जसा गातोय तसा ऐंशीच्या दशकात गाऊच शकला नसता. तुमच्या चौकटीत यातलं एक अक्षर नाही, साठीच्या पुढचे म्हणून मोकळे झाले.

तक्रारच करायची असती तर करायला जागा भरपूर होती, लांबी सोडून. ध्वनीबद्दल लिहायचं होतं. केव्हिन शर्ली २००० पासून यांचा निर्माता आहे आणि हॅरिस सहनिर्माता, आणि यांच्या जोडीने केलेल्या अल्बमचा आवाज कायम थोडा कोंदट असतो, जाड गोधडीखालून आल्यासारखा, तीन गिटार असूनही तीन ऐकू येत नाहीत, एकात एक मिसळतात, आणि 'सेन्जुत्सू'त तर कीबोर्डची ती एकसुरी चादर सगळ्यावर पसरून ठेवलीय, ती हॅरिसनेच वाजवलीय त्यामुळे त्याला कोण सांगणार. मार्टिन बर्च निर्माता असताना १९८१ ते १९९२ पर्यंतचे अल्बम लावून बघा, प्रत्येक वाद्य बोट लावून दाखवता येतं. बर्च २०२० च्या ऑगस्टमध्ये गेला, तेव्हाही आपल्याकडे कुठे दोन ओळी आल्या नाहीत. दुसरी तक्रार, हॅरिसच्या चारही गाण्यांची सुरुवात एकाच साच्यातली, हळू गिटार, हळू बेस, मग धाडकन सगळे. चार वेळा केलं की धाडकनचं धाडकनपण जातं. तिसरी, पहिली सीडी ४० मिनिटांची आणि दुसरी ४१, पण दुसरीत चारच गाणी, सगळी जड, तर एखादं छोटं गाणं तिकडे टाकून हवा खेळू द्यायला हवी होती. अशी टीका छापा, मी कात्रण काढून ठेवीन.

ऐकायचं कसं तेही सांगते, कारण वेळ नाही ही सबब मला माहितीय, मलाही नसतो. डोंबिवलीहून सीएसएमटीची स्लो लोकल पकडायची, ती जरा रखडतेच, की अख्खा अल्बम जवळपास बसतो. शफल बंद करायचं, गाण्यांचा क्रम मोडायचा नाही. फोनच्या स्पीकरवर लावून लोकांना पिडायचं नाही, हेडफोन वापरायचा आणि शक्यतो वायरवाला, कारण बेस सगळं सांगतो आणि स्वस्तातल्या इयरबडमध्ये बेस नुसता भुणभुणतो. पहिल्यांदा सगळं आवडलं नाही तर घाबरायचं नाही, मलाही आवडलं नव्हतं. माझ्या भाच्याला, वय वर्षं एकोणीस, दिवसभर रील्स बघणारा, मी फक्त 'हेल ऑन अर्थ' ऐकवलं आणि मुद्दाम किती मिनिटांचं आहे ते सांगितलं नाही. संपल्यावर म्हणाला आत्या परत लाव. आता तो मला मागे जात जात ऐंशीच्या दशकातलं विचारतोय आणि माझ्याकडच्या जुन्या कॅसेट वाजवायला घरात प्लेअर नाही म्हणून माझ्यावरच चिडतोय.

तर संपादक महाशय, विनंती एवढीच की या अल्बमवर कोणाकडून तरी नीट, अर्ध्या पानाचं लिहून घ्या, सगळी दहा गाणी ऐकलेल्या माणसाकडून, मग त्याने शिव्या घातल्या तरी चालतील. दौरा २०२२ वर गेला होता, भारताचं नाव तेव्हा कुठल्या यादीत दिसलं नव्हतं, पण आलेच कधी तर एडीचा फोटो छापायला आहेच की. आणि माझं पत्र जागेअभावी कापायचं असेल तर चर्चिलवालं कापा हवं तर, पार्चमेंटवाल्याला हात लावू नका.

आपली एक नियमित वाचक,
डोंबिवली (पूर्व)